माडावरून उतरलेलीं माणसें

वाशिष्ठी नदी जेथें समुद्रास मिळते तेथें उत्तर तीरावर दाभोळ आणि दक्षिण तीरावर अंजनवेल अशीं दोन गांवें समोरासमोर वसलीं आहेत. दाभोळचें नांव परदेशी प्रवाशांच्या लेखांत वारंवार येतें. अंजनवेलचें येतें तें बहुधा किल्ल्याच्या निमित्तानें. खाडीच्या मुखावर पहारा करणारा तो किल्ला विजापूरकरांच्या अमलांत होता, पुढें शिवाजीमहाराजांनीं तो घेतला, १६९९ मध्यें जंजिऱ्याच्या सिद्दी खैरतखानानें तो बळकावला, १७४५ च्या सुमारास तुळाजी आंग्र्यांनीं तो जिंकून त्यास गोपाळगड असें नांव दिलें, १७५५ मध्यें तो पेशव्यांकडे आला आणि १८१८ च्या मे महिन्यांत इंग्रजांकडे गेला. किल्ल्याची ही हकीकत कोणत्याही गॅझेटियरांत सांपडते. परंतु तटाखालीं, पाण्याच्या कडेनें, माडांच्या ज्या बागा उभ्या आहेत त्यांची हकीकत इतक्या सहजासहजीं सांपडत नाहीं. त्या बागांत एक विद्या शतकानुशतकें चालत आली आणि ती विद्या जाणणारीं माणसें गेल्या दीडशें वर्षांत हळूहळू माडावरून खालीं उतरलीं. तीं कां उतरलीं व उतरून कोठें गेलीं, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या विद्येचा एक जुना साक्षीदार अगदीं दूरदेशचा आहे. रशियांतील त्वेर नगरीचा अफनासी निकितिन हा व्यापारी माल घेऊन व्होल्गा नदीनें खालीं निघाला. वाटेंत अस्त्रखानजवळ तातारांनीं त्यास लुटलें. भांडवल गेलें, डोक्यावर कर्ज राहिलें, आणि रिकाम्या हातानें घरीं परतण्याची सोय उरली नाहीं. तेव्हां एक घोडा विकत घेऊन तो समुद्रमार्गानें चौलास उतरला, तेथून जुन्नरास व बेदरास गेला, आणि कित्येक वर्षें या देशांत काढून १४७२ च्या सुमारास दाभोळच्या बंदरांतून होर्मुजकडे जाणाऱ्या गलबतांत बसला. स्वदेशीं पोंचण्यापूर्वींच, स्मोलेन्स्कच्या अलीकडे, त्याचा अंत झाला. त्याचीं टिपणें मात्र पोंचलीं. त्यांत त्यानें या देशींच्या लोकांविषयीं लिहितांना, ते हिंदुस्थानी नारळापासून मद्य करितात व ‘तातना’ नांवाचें आणखी एक पेय तयार करितात, असें नमूद केलें आहे. ‘तातना’ म्हणजे ताडीच असावी, असें अभ्यासक समजतात. ज्या देशांत मद्य म्हणजे मध किंवा द्राक्षें, त्या देशांतील माणसास झाडाच्या शेंड्यावरून मद्य उतरतें याचें नवल वाटावें हें साहजिक होतें.

वास्तविक द्राक्षांचें मद्य या किनाऱ्यास अपरिचित नव्हतें. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत लिहिल्या गेलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथांत भडोच बंदरीं येणाऱ्या मालाच्या यादींत मद्याचा उल्लेख आहे; त्यांतही इटलीच्या मद्यास पहिली पसंती, नंतर लाओदिकेआचें व अरबस्तानचें. त्याच ग्रंथांत कोंकणच्या किनाऱ्यावरील ज्या बंदरांचीं नांवें येतात त्यांपैकीं ‘पालैपत्मै’ म्हणजे दाभोळ, असें कांहीं पंडितांनीं मानिलें आहे. रोमन मद्याच्या कुंभांचीं खापरें नेवासें व कोल्हापूर येथील उत्खननांत निघालीं आहेत. म्हणजे घाटावरील धनिकांच्या घरीं समुद्रापलीकडील द्राक्षमद्य जात होतें. तें विकत घेण्याचें पेय होतें. किनाऱ्यावरील सामान्य माणसाचें पेय त्याच्या दाराशीं उभें असलेल्या झाडांत होतें.

तें काढण्याची कृति सांगावयास सोपी आणि करावयास कठीण आहे. माडाची पोय उमलण्यापूर्वींच ती दोरीनें आंवळून बांधावयाची, दिवसांतून ठराविक वेळां ती हलक्या हातानें ठोकावयाची, आणि कांहीं दिवसांनीं तिच्या टोकाची पातळ चकती कोयत्यानें कापावयाची. मग रस ठिबकूं लागतो. खालीं मडकें बांधावयाचें. रोज सकाळ-संध्याकाळ वर चढून मडकें उतरावयाचें आणि पोयीची पुन्हा एक चकती उतरवावयाची. चकती जाड गेली तर पोय लवकर संपते. फार पातळ गेली तर रसाचें तोंड बुजतें. ठोकणें जोराचें झालें तर आंतील फुलोरा सडतो. हें सर्व साठ-सत्तर फूट उंचीवर, पायांखालीं झाडाच्या बुंध्यांत पाडलेल्या खांचांखेरीज दुसरा आधार नसतां करावयाचें. आणि पावसाळ्यांत त्या खांचा शेवाळानें निसरड्या होतात.

ताज्या रसांत साखरेचें प्रमाण शेंकडा बारा ते सोळांच्या आसपास असतें. त्यांत कोणी कांहीं घालीत नाहीं. हवेंतील, पोयीवरील आणि कालच्या मडक्याच्या तळाशीं राहिलेले सूक्ष्म जंतू आपलें काम तत्काळ सुरू करितात. पहांटे जो रस गोड असतो तो दुपारपर्यंत फेसाळतो, संध्याकाळपर्यंत शेंकडा पांच-सहा मद्यार्क धारण करितो, आणि दुसऱ्या दिवशीं आंबट होऊन शिरक्याच्या वाटेस लागतो. आंबण्याची क्रिया सजीव जंतूंमुळें होते हें लुई पाश्चर यानें १८५७ नंतर सिद्ध केलें आणि १८६६ मध्यें द्राक्षमद्यावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. माडावर चढणाऱ्यास जंतू ठाऊक नव्हते, परंतु जुनें मडकें किती धुवावें व किती राखावें हें त्यास अचूक ठाऊक होतें. मडक्यास आंतून चुना लावला कीं रस आंबत नाहीं व नीरा मिळते, हेंही त्यास ठाऊक होतें. गोव्यांतील पोदेर पाव फुगविण्यासाठीं हीच सुर वापरीत. एका झाडापासून पेय, गूळ, शिरका आणि पावाचें विरजण अशा चार वस्तू निघत, आणि चौघींचाही आरंभ त्याच चकतींत होता.

हें काम करणारी मुख्य जाति भंडारी. परंतु भंडारी म्हणजे केवळ माड उतरविणारे, असें समजणें चुकीचें होईल. ज्यास नित्य माडावर चढावयाचें त्यास शिडावर चढणें अवघड वाटत नाहीं. ज्याच्या कमरेस कोयता आहे त्याच्या हातांत तलवार परकी वाटत नाहीं. शिवाजीमहाराजांच्या आरमारांतील मायनाक भंडारी याचें नांव प्रसिद्धच आहे. १६७९ मध्यें मुंबईच्या तोंडाशीं असलेल्या खांदेरी बेटावर त्याच्या देखरेखीखालीं तटबंदी उभी राहूं लागली तेव्हां इंग्रजांनीं आपलीं गलबतें पाठवून तिला अडथळा करण्याचा प्रयत्न केला आणि तो फसला. आंग्र्यांच्या आरमारांतही या जातीचीं माणसें होतीं. म्हणजे ज्या काळीं अंजनवेलचा किल्ला एका हातांतून दुसऱ्या हातांत जात होता त्या काळीं तटाच्या आंतील शिपाई आणि तटाबाहेरील माडी काढणारा हे पुष्कळदां भाऊबंदच असत. व्यवसाय बदलणें ही त्यांस नवी गोष्ट नव्हती; मोहीम संपली कीं माड होताच.

इंग्रजांनींही ही गोष्ट लौकर ओळखली. डॉक्टर जॉन फ्रायर हा १६७३ मध्यें मुंबईस आला. बेटावरील माडांच्या दाट राईंचें वर्णन करून त्या राईंखालीं भंडारी राहतात व तेच झाडांची निगा राखतात, असें तो लिहितो. त्याच काळांत गव्हर्नर जेराल्ड ऑंजियर यानें बेटाच्या रक्षणासाठीं जी स्थानिक फौज उभारली तींत भंडारी होते. पुढें बरींच वर्षें मुंबईच्या न्यायालयाच्या सत्रारंभाच्या मिरवणुकींत भोंगळी वाजविण्याचा मान त्यांच्याकडे असे. ज्या सरकारनें त्यांस हा मान दिला त्याच सरकारनें पुढें त्यांच्या झाडावर मोजपट्टी लावली, हा भाग निराळा.

पेशवाईंत मद्याविषयीं सरकारची दृष्टि कडक होती. ब्राह्मण, प्रभु व सरकारी कारकून यांस मद्यपानाची बंदी होती आणि ती मोडणाऱ्यास शिक्षा होत असे. तथापि न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांनीं पेशव्यांच्या रोजनिशीवरील आपल्या १९०० सालच्या निबंधांत एक मार्मिक गोष्ट दाखवून दिली आहे. वसई, चौल वगैरे पोर्तुगीजांकडून घेतलेल्या मुलखांत कोळी, भंडारी इत्यादि लोकांस या बंदींतून सूट देण्यांत आली होती. कारण त्यांचा व्यवहार त्याशिवाय चालणें शक्य नव्हतें. एकच कायदा सर्वांस सारखा लावण्याचा अट्टाहास त्या राज्यकर्त्यांनीं धरला नाहीं. त्यांच्या या सवलतींत जातीजातींचा भेद स्पष्ट आहे आणि आजच्या दृष्टीस तो खटकेल. पण माडावरील माणसाचें पोट कशावर चालतें हें त्यांस दिसत होतें, एवढें मान्य केलें पाहिजे.

१८१८ नंतर अंजनवेलच्या तटावरील शिपाईगिरी संपली. आरमार आधींच संपलें होतें. दोन धंद्यांपैकीं एक गेला आणि माणसें दुसऱ्यावर अधिक अवलंबून राहूं लागलीं. इंग्रजी अमलाच्या पहिल्या पन्नास-साठ वर्षांत मद्यावरील कर मक्त्यानें दिला जाई. मक्तेदार आपला हप्ता वसूल करी, भंडारी आपली माडी काढी, आणि पुष्कळ ठिकाणीं घरच्या भट्टीवर तिचा अर्कही उतरवी. ही व्यवस्था शुद्ध होती असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु तींत कौशल्य आणि माल हीं दोन्ही एकाच माणसाच्या हातीं राहत होतीं.

खरा फेरफार १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्यानें झाला. त्या काळीं मीठ व आबकारी या दोन्ही खात्यांची पुनर्घटना चार्ल्स प्रिचर्ड या अधिकाऱ्याच्या हातीं होती. त्याची विचारसरणी समजण्यास कठीण नाहीं. कर बसवावयाचा तर माल मोजतां आला पाहिजे. मोजावयाचा तर तो एका दारांतून बाहेर पडला पाहिजे. मोहाच्या फुलांची दारू मोठ्या भट्टींत काढतां येते, पिंपांत भरतां येते, महिनोन्महिने ठेवतां येते, आणि भट्टीच्या दाराशीं एक कारकून बसविला कीं काम भागतें. माडी हजारों झाडांवर निघते, प्रत्येक झाडाचा रस निराळा, आणि संध्याकाळीं मोजलेला माल सकाळीं मालच राहत नाहीं. अशा पदार्थावर कर बसविण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे रसावर न बसवितां झाडावर बसविणें. म्हणून झाडावर पट्टी आली, झाडावर क्रमांक आला, चढण्यास परवाना आला. घरीं अर्क काढण्यावर निर्बंध आले. ज्यानें पट्टी भरली त्यास झाडाच्या बुंध्याशीं माडी विकण्याची सवलत कांहीं ठिकाणीं मिळे. परंतु पट्टी आधीं भरावयाची आणि रस नंतर मिळावयाचा. पोय सडली, वादळ झालें, चढणारा आजारी पडला, तरी पट्टी परत मिळत नसे. १८९२ मध्यें ठाणें व कुलाबा जिल्ह्यांसाठीं मोहाच्या फुलांवरही स्वतंत्र कायदा झाला. तेव्हां जंगलांत पडलेलें फूल उचलणें हाही गुन्हा होऊं शकला.

या धोरणास ‘जास्तींत जास्त उत्पन्न, कमींत कमी पान’ असें गोंडस रूप देण्यांत येई. उत्पन्नाचा भाग निश्चित खरा ठरला. पानाविषयीं शंका घेण्यास जागा आहे, कारण सौम्य माडीची जागा सरकारी भट्टींतील तीव्र दारूनें घेतली. महात्मा फुले यांनीं पुणें नगरपालिकेचे सभासद असतां १८८० मध्यें शहरांतील दारूच्या दुकानांच्या वाढीविरुद्ध आवाज उठविला, तो याच नव्या व्यवस्थेच्या आरंभींच्या काळांत, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. दारूनें संसार उध्वस्त होतात हें त्यांचें म्हणणें निर्विवाद खरें होतें. पण त्या दुकानांतील बाटली आणि अंजनवेलच्या माडावरील मडकें यांस एकाच कलमाखालीं आणल्यानें एक अन्याय होऊन बसला, तो फारशा कोणाच्या ध्यानीं आला नाहीं.

अशा रीतीनें माणसें उतरूं लागलीं. दाभोळच्या धक्क्यावरून मुंबईस जाणाऱ्या आगबोटींत रत्नागिरी जिल्ह्यांतील तरुण गर्दीनें चढत. मुंबई त्या काळीं कोंकणी माणसास परदेशापेक्षां फारशी निराळी नव्हती. भाषा तीच, पण दिवस गिरणीच्या भोंग्यावर उगवे. कांहीं भंडारी मुंबईंतही माडच उतरवीत राहिले. माहीम-दादरच्या वाड्यांत पुष्कळ काळ माड शिल्लक होते. बाकीचे गिरणींत, गोदींत, पोलिसांत, छापखान्यांत आणि सुतारकामांत गेले.

या स्थित्यंतरांतून कर्तबगार माणसें निघालीं. रत्नागिरीचे भागोजीशेठ कीर हे गरिबींतून मुंबईस आले, सुतारकामापासून आरंभ करून मोठे बांधकाम-कंत्राटदार झाले, आणि १९३१ मध्यें रत्नागिरीस त्यांनीं सर्व हिंदूंस खुलें असें पतितपावन मंदिर बांधविलें. दादरच्या समुद्रकांठची स्मशानभूमि ही त्यांचीच देणगी. १९४४ मध्यें ते वारले. रावबहादूर सीताराम केशव बोले हे त्याच समाजांतील. १९०९ मध्यें कामगार हितवर्धक सभेच्या स्थापनेंत त्यांचा पुढाकार होता, आणि सार्वजनिक पाणवठे व विहिरी अस्पृश्यांस खुल्या कराव्यात असा ठराव मुंबई कायदेकौन्सिलांत त्यांनींच १९२३ मध्यें मंजूर करून घेतला. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह त्या ठरावाच्या पायावर उभा राहिला. जुना धंदा गेला नसता तर हे पुरुष पुढें आले नसते काय, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचें उत्तर देणें व्यर्थ आहे. परंतु एका कीरांच्या मागें किती माणसें गिरणीच्या साच्यावर केवळ हातपाय होऊन राहिलीं, हाही प्रश्न त्याच्याच शेजारीं उभा आहे.

दारूबंदीनें उरलेलें काम पुरें केलें. मुंबई प्रांताच्या काँग्रेस मंत्रिमंडळानें १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरांत दारूबंदी सुरू केली. खातें डॉक्टर गिल्डर यांच्याकडे होतें. युद्ध, राजीनामे व न्यायालयाचा निकाल यांमुळें ती ढिली पडली. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि ६ एप्रिल १९५० पासून सबंध राज्यांत पूर्ण बंदी आली. माडावर चढणाऱ्यास आतां दोनच वाटा राहिल्या: नीरा काढावी किंवा उतरावें. गांधीजींनीं १९३४ मध्यें स्थापिलेल्या ग्रामोद्योग संघानें नीरा व ताडगूळ यांचा पुरस्कार केला होता आणि गजानन नाईक यांनीं त्या कामास वाहून घेतलें होतें. हा विचार उदात्त होता. झाड राहावें, माणूस राहावा, मद्य तेवढें जावें. अडचण निसर्गाची होती. नीरा आंबूं न देण्यासाठीं सतत झगडावें लागतें. माडी आपोआप होते. चुना लावावयाचा, थंड ठेवावयाचें, सूर्य वर येण्यापूर्वीं शहरांत पोंचवावयाचें. मुंबईजवळ हें साधलें. अंजनवेलसारख्या, खाडी ओलांडून बाजार गांठाव्या लागणाऱ्या गांवीं तें साधणें फार कठीण होतें. साठच्या दशकांत बंदी सैल झाली व परवान्याची माडी पुन्हा आली. परंतु मध्यंतरीं एक पिढी चढावयास शिकलीच नव्हती.

आतां याच्या अगदीं उलट दिशेचें एक दृश्य पाहण्यासारखें आहे. युरोपांत गेल्या पन्नास वर्षांत सुशिक्षित माणसें आपले प्रतिष्ठित व्यवसाय सोडून खेड्यांत जाऊं लागलीं, पुष्कळदां परक्या देशांतील खेड्यांत, आणि तेथें तीं द्राक्षमद्य करूं लागलीं. तेंही असें कीं ज्यांत बाहेरचें किण्व, गंधक किंवा दुसरें औषध शक्य तों घालावयाचें नाहीं. या मताचा आद्य पुरुष म्हणून फ्रान्समधील बोजोले प्रांताचा रसायनज्ञ जूल शोवे याचें नांव घेतात. तो १९८९ मध्यें वारला. त्याचा अनुयायी मार्सेल लापियेर यानें हें मद्य पॅरिसच्या पेठेंत नेलें. २०२० मध्यें फ्रेंच सरकारी खात्यानें अशा मद्यासाठीं नियमांची एक संहिता मान्य केली: द्राक्षें हातानें खुडलेलीं, किण्व त्यांच्याच सालीवरील, गंधक लिटरमागें तीस मिलिग्रॅमपेक्षां अधिक नाहीं. ही संहिता अंजनवेलच्या जुन्या भंडाऱ्यास वाचून दाखविली असती तर यांत नवें काय, असें त्यानें विचारलें असतें.

या स्वेच्छेच्या स्थलांतरांत सर्वांत बोधक हकीकत जॉर्जियाची आहे. कॉकेशस पर्वताच्या पायथ्याचा हा छोटा देश द्राक्षमद्याचें माहेरघर. तेथील मातीच्या भांड्यांत सुमारें आठ हजार वर्षांपूर्वींच्या द्राक्षमद्याच्या खुणा असल्याचें संशोधन २०१७ मध्यें प्रसिद्ध झालें. ‘क्वेव्री’ नांवाचा मोठा रांजण जमिनींत गळ्यापर्यंत पुरावयाचा, त्यांत द्राक्षें तुडवून सालींसकट घालावयाचीं आणि वसंत ऋतूपर्यंत झांकून ठेवावयाचीं, ही तेथील रीत. सोव्हिएट अमलांत मोठाले सरकारी कारखाने निघाले, मोजक्या जातींच्या वेलींची लागवड राहिली, बाकीच्या पांचशेंच्या आसपास जाति मागें पडल्या. आबकारी कारकुनाप्रमाणें सोव्हिएट कारकुनासही एका दारांतून बाहेर पडणारा माल हवा होता. तथापि घराघरांतील पुरलेला रांजण त्यानें उपटला नाहीं. जॉन वर्डमन नांवाचा एक अमेरिकन चित्रकार मॉस्कोस चित्रकला शिकून, जॉर्जियन लोकगीतांच्या ओढीनें सिघ्नाघी या गांवीं येऊन राहिला. द्राक्षमळ्यांत चित्र रंगवीत असतां त्याची गांठ पतालिश्विली नांवाच्या शेतकऱ्याशीं पडली. त्याच्या घराण्यांत आठ पिढ्या हेंच काम. ही विद्या बुडत आहे, ती वांचविण्यास साह्य कर, असें त्या शेतकऱ्यानें त्यास गळ घातली. २००६ मध्यें रशियानें जॉर्जियन मद्याची आयात बंद केली आणि देशावर संकट आलें. त्याच्या पुढच्याच वर्षीं, २००७ मध्यें, या दोघांनीं मिळून मद्यशाळा काढली. चित्रकाराचा व्यवसाय बदलला. २०१३ मध्यें युनेस्कोनें क्वेव्रीच्या पद्धतीस मानवी वारशाच्या यादींत स्थान दिलें.

जॉर्जियन शेतकऱ्यास जो सहाय्यक मिळाला तो कोंकणांतील भंडाऱ्यास कां मिळाला नाहीं, याचें कारण केवळ कायद्यांत शोधून भागणार नाहीं. जमिनींत पुरलेला रांजण सहा महिने थांबतो. त्याचें मद्य बाटलींत भरतां येतें, बाटलीवर नांव घालतां येतें, ती बाटली लंडनला जाते आणि ग्राहक नांव वाचून गांवाचा पत्ता शोधीत येतो. माडी संध्याकाळची असते. तिला नांव नाहीं, साल नाहीं, प्रवास नाहीं. जी वस्तु दुसरा दिवस पाहत नाहीं तिच्या कारागिरास कीर्ति मिळत नाहीं. शिवाय द्राक्षाच्या मळ्यांत जाणारा चित्रकार हौसेनें जातो. मन उठलें तर कुंचला त्याची वाट पाहत असतो. माडावर चढणारा जन्मानें चढत होता, आणि ज्या जातीचें तें काम तिला त्या कामामुळेंच कमी लेखलें जात होतें. मुंबईस गेलेल्या भंडारी बापानें आपल्या मुलास कोयता धरावयास शिकविलें नाहीं, यांत त्याचा दोष काढणें सोपें आहे. त्यानें त्यास शाळेंत घातलें. ही विद्या बुडाली ती जशी सरकारच्या पट्टीनें, तशीच बापाच्या मायेनेंही.

महाराष्ट्रांत द्राक्षमद्याची कथा निराळ्या पायरीवर घडली. ऐंशीच्या दशकांत शामराव चौगुले यांनीं नारायणगांव येथें फ्रेंच तज्ज्ञांच्या साह्यानें फेसाळ द्राक्षमद्य काढून तें परदेशीं पाठविलें. त्यानंतर राजीव सामंत या तरुणानें अमेरिकेंत स्टॅनफर्ड विद्यापीठांत अभियांत्रिकीचें शिक्षण घेऊन, कॅलिफोर्नियांतील ओरॅकल या कंपनींतील नोकरी सोडून, नव्वदच्या दशकांत नाशिकजवळील वडिलांच्या जमिनीवर मुक्काम केला. आंबा, गुलाब यांचे प्रयोग करून पाहिल्यावर त्यानें १९९७ मध्यें परदेशी जातींच्या द्राक्षवेली लावल्या. कॅलिफोर्नियाचा मद्यतज्ज्ञ केरी डॅम्स्की त्याच्या साह्यास आला आणि २००० सालीं पहिलें मद्य बाजारांत गेलें. मद्यशाळेस त्यानें आपल्या आईच्या सुलभा या नांवावरून ‘सुला’ हें नांव दिलें. पुढल्याच वर्षीं, २००१ मध्यें, महाराष्ट्र सरकारनें द्राक्षप्रक्रिया उद्योगाचें धोरण जाहीर करून राज्यांतील द्राक्षांपासून केलेल्या मद्यास उत्पादनशुल्कांत मोठी सवलत दिली. शेतकऱ्यास भाव मिळावा हा हेतु सरकारनें सांगितला आणि तो वाजवी होता. नाशिक जिल्ह्यांतील पुष्कळ शेतकऱ्यांस त्याचा लाभ झाला. २०२२ मध्यें द्राक्षमद्य मोठ्या दुकानांतून विकूं द्यावें असा निर्णय झाला तेव्हां त्यावर वादळ उठलें व तो अमलांत आला नाहीं. तरी त्या वादांतही वाइन म्हणजे दारू नव्हे, असें म्हणणारे कित्येक प्रतिष्ठित लोक निघाले. शेंकडा बारा-तेरा मद्यार्क असणाऱ्या पेयाविषयीं जें बोललें गेलें तें शेंकडा पांच-सहा मद्यार्काच्या माडीविषयीं आजवर फारसें कोणी बोललेलें नाहीं.

अंजनवेलवर या अवधींत आणखी एक परदेशी साहस येऊन गेलें. नव्वदच्या दशकांत अमेरिकेच्या एन्रॉन कंपनीनें खाडीच्या दक्षिणेस वीजनिर्मितीचा प्रचंड प्रकल्प उभारला. नांव दाभोळचें, जागा अंजनवेलच्या परिसराची. १९९९ मध्यें पहिला टप्पा सुरू झाला, २००१ मध्यें दराच्या वादावरून वीज बंद पडली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत खुद्द कंपनीनेंच दिवाळें काढलें. २००५ मध्यें तो प्रकल्प नव्या सरकारी कंपनीकडे गेला. माडावरून उतरलेल्यांच्या नातवंडांपुढें हा एक नवा धंदा येऊन उभा राहिला आणि त्याचाही भरंवसा किती, हें त्यांनीं जवळून पाहिलें.

टाळकेश्वराच्या टेकडीवरील दीपगृहाखालून मासेमारीच्या होड्या आजही खाडींत शिरतात आणि कांठचे माड उभे आहेत. नारळ पडतो, शहाळें विकलें जातें. १९४९ च्या कायद्यांतील मुंबई हा शब्द जाऊन त्या ठिकाणीं महाराष्ट्र हा शब्द आला आहे. माडाच्या पोयीवर कोयता लावण्यापूर्वीं परवाना घेतला पाहिजे, हें कलम त्यांत आहे तसेंच आहे.